पंधरा जानेवारी आणि आठ जुलै

रत्नागिरीच्या अर्वाचीन इतिहासात ज्या दोन राजबंद्यांची नावे सर्वांच्या मुखी आहेत, त्या थिबा राजाच्या आणि स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या प्रारब्धाला फ्रान्सच्या भूमीवर घडलेल्या एकेका प्रसंगाने वळण दिले, ही गोष्ट आमच्या गावात जितकी आठवली जावी तितकी आठवली जात नाही. १५ जानेवारी १८८५ रोजी पॅरिस येथे फ्रान्स आणि ब्रह्मदेश यांच्यात जो करारनामा झाला, त्याने कलकत्त्याच्या इंग्रज सरकारचा संशय बळावला. सागवानाच्या व्यवहारातील तंट्याचे निमित्त लाभताच त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मंडाले पडले, आणि ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा पुढल्या वर्षी रत्नागिरीस येऊन १९१६ मध्ये येथेच निवर्तला. ८ जुलै १९१० रोजी मार्सेलच्या बंदरात ‘मोरिया’ बोटीतून उडी घेऊन सावरकर किनाऱ्यास लागले, परंतु फ्रेंच शिपायाने त्यांना पुन्हा इंग्रजांच्या स्वाधीन केले. त्यावरून उद्भवलेल्या वादाचा निवाडा हेगच्या लवादाने २४ फेब्रुवारी १९११ रोजी इंग्रजांच्या बाजूने दिला, आणि अंदमानानंतर १९२४ ते १९३७ पर्यंतची स्थानबद्धता त्यांनी याच जिल्ह्यात काढली.

या तारखा ज्या देशात घडल्या त्या देशाचे लोक त्या कशा उच्चारतात आणि कशा लिहितात, याचे कुतूहल मला उत्तरवयात फ्रेंच भाषेकडे घेऊन गेले. फ्रेंच मनुष्य तारखेच्या आधी ‘ल’ हे लहानसे उपपद लावल्यावाचून राहत नाही. आपल्या पत्रात गावाच्या नावापुढे ‘दि.’ येते तसे त्याच्या पत्रात ‘पॅरिस, ल’ असे येते, आणि मग दिवस, महिना, वर्ष हा आपलाच क्रम. महिन्याचे नाव वाक्याच्या मध्ये लहान लिपीतच लिहितात, इंग्रजीप्रमाणे त्याचे आद्याक्षर मोठे करीत नाहीत. स्वराने आरंभ होणाऱ्या शब्दापुढे या ‘ल’मधील स्वर एरवी गळून पडतो, परंतु आठ आणि अकरा या दोन आकड्यांपुढे मात्र तो शाबूत राहतो, म्हणून मार्सेलची तारीख ‘ल ह्वी झ्वीये’ अशी पूर्ण उच्चारावी लागते. महिन्याचा पहिला दिवस तेवढा क्रमवाचक, ‘ल प्रमिए’. पुढचे सगळे दिवस निव्वळ आकड्यांचे. हे परके वाटण्याचे कारण नाही, कारण पगार पहिल्या तारखेस होतो आणि किराण्याची उधारी दोन तारखेला चुकती होते, असे आपणही म्हणतो. ‘दुसरी तारीख’ हा शब्दप्रयोग मात्र आपण कोर्टकचेरीसाठी राखून ठेवला आहे, आणि त्याचा अर्थ ज्याची दिवाणी चालू आहे त्याला पुसावा.

वाराचे नाव घालावयाचे झाल्यास उपपद वाराच्या आधी जाते. पॅरिसचा करार झाला तो दिवस ‘झदी’, म्हणजे गुरूचा वार. सावरकरांची उडी पडली तो ‘व्हाँद्रदी’, म्हणजे शुक्राचा वार. सोमवारापासून शुक्रवारापर्यंतचे पाचही वार त्यांच्याकडे आणि आपल्याकडे त्याच ग्रहांचे आहेत. वर्षाच्या उच्चारात मला सर्वांत अधिक आनंद झाला. १८८५ हे ते ‘एक हजार, आठशे, चार विसा पाच’ असे म्हणतात. आमच्या खेड्यांतील वडीलधाऱ्या बायका विसा धरून ज्या रीतीने मोजदाद करीत, तीच ही रीत, आणि ती तेथे सरकारी दस्तऐवजात आजही सन्मानाने नांदते आहे.

आपल्या दप्तरांतील तारखाही अभ्यासाने उलगडण्याजोग्या आहेत. पेशवाईतील कागदावर ‘इहिदे सबैन मया व अलफ’ असे सुहूर सन येते, म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार मिळून ११७१. त्यात ५९९ मिळविले की १७७० चा मृग सापडतो, कारण ते वर्ष मृगापासूनच सुरू होते. हे अरबी अंक अक्षरांत लिहिलेले असल्यामुळे त्यांत खाडाखोड करणे सोपे नव्हते. भाषाशुद्धीच्या कार्यात सावरकरांनी तारखेऐवजी ‘दिनांक’ हा शब्द पुरस्कारिला आणि तो सरकारी पत्रव्यवहारात कायम रुजला. मी दोन्ही शब्द वापरतो, कारण शतकानुशतके मराठीच्या घरात राहिलेल्या तारखेला परकी म्हणणे माझ्या मनास पटत नाही.

नाव कोणतेही द्या, पण तारीख निःसंदिग्ध असली पाहिजे. ८-७-१९१० असे नुसते आकडे फ्रेंच वाचील तेव्हा आठ जुलै समजेल, अमेरिकन मात्र सात ऑगस्ट समजेल. २००७ पासून आपला हापूस अमेरिकेस जाऊ लागला आहे. आंब्याच्या कागदपत्रांवर ४-५ असे आकडे पडले, तर ती चार मे की पाच एप्रिल, या एका प्रश्नात हंगामाचा एक महिना इकडचा तिकडे होतो. म्हणून वाचकांस माझी विनंती आहे, की पावती असो, मृत्युपत्र असो किंवा छायाचित्राची मागील बाजू असो, महिना अक्षरांत लिहावा आणि वर्षाचे चारही आकडे घालावेत.