मोबाइलमधील परवाना आणि रानातला नाका

वाहन चालविण्याचा परवाना मोबाइलमध्ये बाळगावा आणि पोलिसाने हटकताच तेथूनच दाखवावा, अशी मुभा कायद्याने देऊन आता बरीच वर्षे लोटली. २०१८ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १३९ वा नियम बदलून इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील कागद ग्राह्य ठरविण्यात आले. आणि ज्याची सत्यता त्या मार्गाने पटली आहे असा कागद पुन्हा प्रत्यक्ष मागू नये, हेही १ ऑक्टोबर २०२० पासून नियमात आले. ही सुधारणा स्वागतार्हच होय. पावसात भिजलेला परवाना, घरी दुसऱ्या सदऱ्याच्या खिशात राहिलेला परवाना, या नित्याच्या विवंचनेतून तिने माणसास सोडविले. चंद्रपुरातील ज्या वाचकांनी तिचा लाभ अद्याप घेतला नसेल त्यांनी तो अवश्य घ्यावा.

मात्र परवान्याचे छायाचित्र काढून मोबाइलमध्ये ठेवणे म्हणजे डिजिटल परवाना नव्हे. पुष्कळ सुशिक्षित मंडळीही याच भ्रमात वावरतात. डिजिलॉकर उघडावयाचे, आधारशी जोडलेल्या क्रमांकावर आलेला ओटीपी भरावयाचा, मग परवान्याचा क्रमांक द्यावयाचा; असे केल्यावर खात्याच्या ‘सारथी’ दप्तरातून जो उतरून येतो, तोच परवाना अस्सल. आपण स्वतः तेथे चढविलेल्या प्रतीस तो मान नाही. जुन्या हस्तलिखित परवान्याची नोंद सारथीत झालेली नसेल, किंवा आधारवरील नाव व परवान्यावरील नाव जुळत नसेल, तर काम तेथेच अडते. चंद्रपूरचा रहिवासी परिवहन कार्यालयात दोन खेपा घालून दुरुस्ती करून घेईल. सिरोंच्याच्या माणसास गडचिरोलीचे कार्यालय गाठावयाचे तर सुमारे २०० किलोमीटरांची वाट तुडवावी लागते.

एवढे सारे सोपस्कार पार पाडूनही खरा प्रश्न उरतोच. एटापल्ली, भामरागडच्या वाटेवर रेंज कोठे आहे आणि कोठे नाही, हे तेथील एस.टी.चा चालकही सांगू शकेल. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताही राहत नाही. अशा रानातल्या नाक्यावर गाडी अडविली गेली, तर परवान्याची पीडीएफ आधीच उतरवून ठेवणाऱ्या शहाण्या माणसाजवळ दाखविण्यास काही तरी असते. पण ते खरे की खोटे, हे दप्तराशी ताडून पाहावयाचे तर पोलिसालाही रेंज लागते. त्याच्या मोबाइलवरही चक्रच फिरत राहिले, तर संशयाचा फायदा कोणास द्यावयाचा?

आमच्या मते तो नागरिकास मिळाला पाहिजे. परवाना नसणे आणि आहे तो त्या क्षणी पडताळता न येणे, या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. पहिलीसाठी मोटार वाहन कायद्याच्या १८१ व्या कलमाखाली ५,००० रुपये दंड वा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. रोजंदारीवर मालवाहू टेम्पो हाकणाऱ्याच्या दृष्टीने ही रक्कम लहान नव्हे. मनोरे उभारण्यात झालेल्या दिरंगाईचा भुर्दंड त्याने का सोसावा? आणि खात्री पटत नाही म्हणून त्याचा मोबाइलच ठेवून घेण्याचा मोह कोणा शिपायास झाला, तर तो प्रकार सर्वथा अनुचित. त्या यंत्रात परवान्याबरोबर बँकेचे व्यवहार असतात, घरचा पत्रव्यवहार असतो. परवाना पाहावा, यंत्र मालकाच्याच हाती राहू द्यावे.

परिपत्रके काढण्यात आमचे प्रशासन सहसा मागे राहत नाही. तेव्हा दोन्ही जिल्ह्यांच्या पोलीस अधीक्षकांनी व परिवहन अधिकाऱ्यांनी आणखी एक काढावे: जेथे रेंज नाही तेथे परवान्याचा व गाडीचा क्रमांक टिपून घ्यावा, वाहन सोडून द्यावे, ठाण्यावर परतल्यावर सारथीत पडताळणी करावी आणि काही खोटे आढळले तरच कारवाई करावी. हा आदेश नाक्यानाक्यावर मराठीत, गोंडीत आणि माडियात लावला जावा. तो निघेपर्यंत आलापल्लीच्या पुढे जाणाऱ्यांनी मोबाइलबरोबर परवान्याचे कार्डही जवळ ठेवावे.