वॉरंट दारात येण्याआधी आपणच न्यायालयाचे दार ठोठावू

पहाटेच्या वेळी दारावर थाप पडते. दारात पोलीस उभे असतात. "तुमच्या नावाचे वॉरंट आहे, चला," एवढेच ते सांगतात. घरातली माणसे गोंधळून जातात. आई म्हणते, "साहेब, ती केस तर कधीच मिटली." विश्रांतवाडीच्या मुकुंदराव आंबेडकर चौकापासून फुलेनगर, कळस, धानोरीपर्यंतच्या कुठल्याही वस्तीत विचारा, असा प्रसंग ऐकलेला माणूस सापडेलच. चूक कुठे होते? केस मिटल्याचे आपण मनात धरतो, न्यायालयाच्या कागदात मात्र ती जिवंत असते. तो कागद बघायला कोणी गेलेलेच नसते!

वॉरंट आभाळातून पडत नाही. आधी समन्स निघतो. तो जुन्या पत्त्यावर जातो, शेजारी घेतो किंवा परत जातो. तारखा चुकतात. मग जामीनपात्र वॉरंट निघते आणि त्यानंतर अजामीनपात्र, म्हणजे आपली माणसे ज्याला पकड वॉरंट म्हणतात ते. सर्वसाधारणपणे याच क्रमाने जावे, थेट अजामीनपात्र वॉरंट काढण्याची घाई करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली इंदर मोहन गोस्वामी खटल्यात बजावले. परंतु आपण एकाही पायरीवर हजर नसलो तर तो निकाल आपल्या काय कामाचा? शिवाय वॉरंटला मुदत नसते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ७२ सांगते, की वॉरंट बजावले जाईपर्यंत किंवा न्यायालय ते रद्द करीपर्यंत कायम राहते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ७० मध्येही हेच होते. दहा वर्षांपूर्वीचे वॉरंट आजही तितकेच जिवंत आहे.

चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी हे अधिक गांभीर्याने घेतले पाहिजे. २००६ साली खैरलांजीनंतर आपला समाज रस्त्यावर उतरला. ३ जानेवारी २०१८ रोजी महाराष्ट्र बंद झाला. दोन्ही वेळा तरुणांवर गुन्हे दाखल झाले. पुढे भीमा कोरेगावनंतरच्या आंदोलनातील गुन्हे मागे घेण्याच्या घोषणा झाल्या. टाळ्या पडल्या आणि आपण निर्धास्त झालो. परंतु मंत्र्याच्या घोषणेने खटला संपत नाही. सरकारी वकिलाने अर्ज करावा लागतो आणि न्यायालयाने त्याला संमती द्यावी लागते. पूर्वी हे कलम ३२१ मध्ये होते, आता ३६० मध्ये आहे. तो आदेश तुमच्या खटल्यात झाला का? तुम्ही डोळ्यांनी पाहिला का? पाहिला नसेल तर खटला चालू आहे असे समजूनच चाला. नाहीतर पासपोर्टच्या किंवा नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत तो अचानक समोर उभा राहतो.

अमेरिकेत अनेक काउंट्यांचे शेरीफ थकीत वॉरंटांची यादी संकेतस्थळावर टाकतात. नाव लिहिले की कोणावर वॉरंट आहे ते कोणालाही कळते. आपल्याकडे अशी यादी नाही. ती असावी अशी मागणी काहीजण करतील. आम्ही करणार नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती पोलिसांच्या नोंदवहीत घातल्या गेल्या. तो कायदा १९५२ साली गेला, कपाळावरचा शिक्का पुसायला मात्र पिढ्या लागत आहेत. चव्हाट्यावर टांगलेल्या यादीत सारख्या नावाचा निरपराध माणूस आधी भरडला जाईल आणि घरमालक, ठेकेदार तीच यादी बघून माणसे नाकारतील. आमची मागणी वेगळी आहे. ज्याच्या नावे वॉरंट निघाले त्याला ते सहज, फुकट आणि वेळेवर कळले पाहिजे. ते होईपर्यंत आपणच शोध घ्यायला शिकले पाहिजे.

हा शोध अवघड नाही. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइलमधील ई-कोर्ट्स सेवांच्या अॅपवर जा. राज्य, जिल्हा आणि न्यायालयाचे संकुल निवडा. खटल्याचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक माहीत असेल तर काम एका क्षणात होते. तो नसेल तर पोलीस ठाण्याचे नाव, गुन्ह्याचा क्रमांक आणि वर्ष टाका. तेही नसेल तर पक्षकाराचे नाव आणि वर्ष टाका. नावाचे स्पेलिंग बदलून बदलून बघा. कांबळे, वाघमारे, सोनवणे ही नावे कारकुनाने कशी लिहिली असतील याचा नेम नसतो. 'प्रलंबित' आणि 'निकाली' दोन्ही बघा. खटला सापडला की पुढची तारीख आणि ती कशासाठी आहे तो रकाना वाचा. मागच्या तारखांचे कामकाजही उघडून बघा. वॉरंटचा उल्लेख तिथे सापडण्याची शक्यता असते. नाव जुळले म्हणून लगेच घाबरू नका. वडिलांचे नाव, पत्ता, गुन्हा क्रमांक ताडून पाहा.

हा शोध जिल्ह्यावार चालतो, ही गोष्ट विसरू नका. विश्रांतवाडीत मराठवाड्यातून पोटासाठी आलेली कितीतरी कुटुंबे आहेत. गावाकडे भावकीचे भांडण झाले, शेताच्या बांधावरून गुन्हा नोंदला गेला आणि माणूस पुण्यात आला. त्याचे वॉरंट पुण्याच्या यादीत दिसणार नाही, लातूर किंवा नांदेडच्या न्यायालयात दिसेल. वॉरंटची बजावणी मात्र देशात कुठेही होऊ शकते. म्हणून दोन्ही जिल्हे तपासा.

संगणकावर काही दिसले नाही म्हणजे काही नाहीच, असेही समजू नका. खरी नोंद खटल्याच्या रोजनाम्यात असते. न्यायालयात जाऊन, शक्यतो वकिलामार्फत, रोजनामा बघावा आणि नकलेचा अर्ज करावा. आपल्या कार्यकर्त्यांचा माहितीच्या अधिकारावर मोठा विश्वास आहे आणि तो योग्यच आहे. पण न्यायालयाच्या खटल्यातील कागद न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांप्रमाणेच मागावे लागतात, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे तिथे नकलेचा अर्ज हाच सरळ रस्ता.

वॉरंट सापडले तर पळू नका. पळाल्याने लहान खटला मोठा होतो. माणूस लपून बसला आहे असे न्यायालयाला वाटले तर कलम ८४ प्रमाणे जाहीरनामा निघतो, पुढे मालमत्तेवर जप्ती येते. गंभीर गुन्ह्यातील जाहीर फरारीचा खटला त्याच्या गैरहजेरीत चालवण्याची सोयही नव्या कायद्याने केली आहे. याउलट माणूस वकिलासह स्वतः हजर झाला, तारखा का चुकल्या हे कागदानिशी सांगितले, तर वॉरंट रद्द करण्याचा अर्ज करता येतो. आजारपणाचा दाखला, कामाचे पत्र, पत्ता बदलल्याचा पुरावा जवळ ठेवा. स्वतःहून आलेला आणि पकडून आणलेला यांच्याकडे न्यायालय एकाच नजरेने पाहत नाही.

"वकिलाला पैसे कुठून आणायचे?" हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. उत्तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातच आहे. कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. स्त्रियांना आणि कोठडीतील माणसालाही तो हक्क आहे. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती लागू आहेत, तेव्हा जातीचा दाखला सोबत न्या. पुणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय शिवाजीनगर न्यायालयात आहे. १५१०० या क्रमांकावरही मदत मागता येते. हा हक्क आहे, भीक नाही!

पोलीस दारात आलेच तर हुज्जत घालू नका, पण मुकाट मान खाली घालूनही जाऊ नका. वॉरंट दाखवा म्हणा. कलम ७७ प्रमाणे त्यातला मजकूर सांगणे आणि मागितल्यास ते दाखवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. त्यावर न्यायालयाची मोहोर आणि सही आहे का, नाव-पत्ता आपलाच आहे का, जामिनावर सोडण्याचा शेरा आहे का, ते वाचा. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत न्यायालयापुढे उभे करावेच लागते. फोनवर "तुमच्यावर वॉरंट आहे, पैसे भरा" म्हणणारा मात्र शंभर टक्के भामटा. व्हिडिओ कॉलवर अटक होत नाही. अशा वेळी १९३० वर तक्रार नोंदवा.

विश्रांतवाडीच्या जवळच येरवड्याचा तुरुंग आहे. २४ सप्टेंबर १९३२ रोजी तिथे पुणे करार झाला. बाबासाहेबांवर त्या दिवशी केवढा दबाव होता हे आपण जाणतो. त्याच बाबासाहेबांनी सप्टेंबर १९४९ मध्ये घटना समितीत अटकेविरुद्धच्या संरक्षणाची तरतूद मांडली. आज ती अनुच्छेद २२ म्हणून संविधानात आहे. अटकेचे कारण कळण्याचा, वकील करण्याचा आणि चोवीस तासांत न्यायालयासमोर येण्याचा हक्क तिने दिला. हा हक्क आपल्या वस्तीतल्या माणसाला माहीतच नसेल तर दोष कोणाचा?

म्हणून आम्ही सुचवतो, प्रत्येक विहारात महिन्यातला एक रविवार या कामासाठी ठेवा. वस्तीतला एखादा वकील आणि मोबाइल चालवता येणारी दोन मुले-मुली एवढे मनुष्यबळ पुरे. ज्यांच्यावर कधी गुन्हा नोंदला गेला त्यांचे खटले शोधा, पुढची तारीख कागदावर लिहून घरी द्या. प्रत्येकाची गोपनीयता सांभाळा, नावांची चर्चा कट्ट्यावर करू नका. जयंतीच्या वर्गणीतला थोडा वाटा नकला आणि प्रवासखर्चासाठी बाजूला काढा. मोर्चात पुढे उभा राहणारा तरुण उद्या न्यायालयाच्या पायरीवर एकटा पडता कामा नये. ही जबाबदारी त्याला मोर्चात बोलावणाऱ्या आपणा सर्वांची आहे.