निकालाची नक्कल

डहाणू-तलासरीचा व्यापारी दिवाळीला वह्यांचे पूजन करतो, रोजकीर्दही रोज लिहितो. न्यायालयातील दाव्याचे कागद मात्र वकिलांवर सोपवून निश्चिंत होतो. उधारवसुलीचा दावा हरल्यावर ही निश्चिंती महाग पडते.

दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याविरुद्ध जिल्हा न्यायालयात अपील करण्यास 30 दिवसांची मुदत असते. 1963 च्या मुदतीच्या कायद्याचे कलम 12 नक्कल मिळण्यास लागलेले दिवस त्यातून वगळते. परंतु अर्जापूर्वी हुकूमनामा तयार होण्यात गेलेले दिवस वगळत नाही. म्हणून निकाल डहाणूस लागला, तर नकलेचा अर्ज त्याच दिवशी तेथे द्यावा. अर्ज केल्याची आणि नक्कल तयार झाल्याची तारीख, मुदतीचा सारा हिशेब या दोहोंवर चालतो.

दाव्याचा 16 अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक वहीत टिपलेला असल्यास तलासरीच्या दुकानात गल्ल्यावर बसूनही ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पुढील तारीख व आदेश विनाशुल्क पाहता येतात. तेथून छापलेला कागद मात्र माहितीपुरताच. प्रमाणित नक्कल नव्हे. मुदत टळल्यास कलम 5 खाली विलंबमाफी मागता येते, पण पुरेसे कारण न्यायालयास पटवावे लागते, आणि ‘वकिलांनी कळविले नाही’ एवढे नेहमी पुरत नाही.