फाईल बदलली की फक्त नोंद?



दुसऱ्या शाळेतून दाखला घेऊन आलेलं मूल आठवा. नाव तेच, जन्मतारीख तीच, फक्त आपल्या जनरल रजिस्टरला नंबर नवा. नंबर बदलला म्हणून मूल बदललं असं आपण म्हणत नाही. गिट मात्र कधीकधी तसं म्हणतं, आणि आपण घाबरतो.

माझ्या चौथीच्या स्वाध्यायपत्रिका मी गिटमध्ये ठेवते. सुट्टीत अख्खं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी केलं आणि तिथेच काम चालू ठेवलं. मग भाच्याने लिहून दिलेली तपासणी चालवली. ती आतून 'गिट डिफ-फाइल्स' वापरते. सगळ्याच फायली 'बदललेल्या'! पहिला विचार आला, कॉपी बिघडली, उडवा आणि परत करा.

बरं झालं उडवली नाही. गिटची एक हजेरी असते, तिला इंडेक्स म्हणतात. त्यात मजकुराच्या ठशासोबत फाईलचा आकार, वेळ, डिस्कवरचा क्रमांक अशाही नोंदी असतात. दर वेळी प्रत्येक फाईल वाचत बसायला नको म्हणून गिट आधी या नोंदी ताडून बघतं. कॉपी केली की वेळ आणि क्रमांक बदलतात, हजेरी मात्र जुनीच सोबत येते.

उपाय एका ओळीचा: 'गिट अपडेट-इंडेक्स --रिफ्रेश'. गिट मजकूर खरोखर वाचतं आणि जुळला तर नोंद ताजी करतं. साधं 'गिट स्टेटस' दिलं तरी हे काम होतं. मजकूर खरंच वेगळा असेल तर ती फाईल यादीत राहते, गिट ती परस्पर स्वीकारत नाही. माझ्या यादीत शेवटी एकच उरली: भागाकाराची पत्रिका. तिच्यातली चुकीची बाकी मी नव्या डिस्कवरच दुरुस्त केली होती. फोल्डर उडवलं असतं तर चूक जूनमध्ये मुलांच्या हातात गेली असती.

म्हणून माझं मत आहे की आपल्या संगणक प्रशिक्षणात 'हे बटण, मग ते बटण' पुरे झालं. हजेरीची ही गोष्ट सांगायला पाच मिनिटं लागतात. (चहाला त्याहून जास्त जातात.)

सहकाऱ्याला साहित्य द्यायचं असेल तर मात्र कॉपीऐवजी 'गिट क्लोन' करा, हजेरी नवी कोरी तयार होते. फक्त आधी कमिट करायला विसरू नका, कमिट न केलेलं क्लोनमध्ये येत नाही.