जुनी सायकल जपा, पण तिचा रंग कोरडा घासू नका

"डॉक्टर, ह्यांना जरा रागवा. दिवसभर गॅलरीत सायकल घासत बसतात. जेवायला हाक मारली तरी उठत नाहीत."

मुलुंडच्या एका काकूंनी ही तक्रार केली तेव्हा काका माझ्याकडे तिसऱ्यांदा आले होते. वय ६६, नोकरीतून निवृत्त. पोटात मधूनमधून कळ येते, पोट साफ होत नाही, भूक लागत नाही, चिडचिड होते. पहिल्यांदा मी ॲसिडिटीची गोळी दिली, दुसऱ्यांदा इसबगोल. हिमोग्लोबिन थोडं कमी होतं म्हणून लोहाची गोळीही सुरू केली. पण "काका, दिवसभर करता काय?" हे मी दोन्ही वेळा विचारलं नाही. ती चूक माझी. (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

आता विचारलं, तर काका एकदम खुलले. वडिलांची रॅले सायकल गावच्या घरी माळ्यावर पडून होती, ती त्यांनी मुलुंडला आणली. वडील याच सायकलवरून भांडुपच्या कारखान्यात जायचे. मागच्या चाकात स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब आहे. त्यावरचं ग्रीस पुसलं तेव्हा खाली '५४' हा आकडा दिसला. हा हब १९५४ साली बनला होता. "म्हणजे वडिलांनी लग्नाच्या वर्षी घेतली असणार," काका म्हणाले.

मी विचारलं, "जुना रंग कसा काढता?"

"आधी ब्लो लॅम्पने भाजतो, मग पॉलिश पेपरने घासतो. पाऊस आत येतो म्हणून खिडक्या बंद ठेवतो."

चार महिने हे चाललं होतं. आणि त्याच गॅलरीत त्यांची दीड वर्षाची नात रांगत होती.

पोटदुखीचा आणि सायकलचा काय संबंध?

संबंध शिशाचा. जुन्या काळी रंग टिकावा, लवकर वाळावा आणि लोखंड गंजू नये म्हणून रंगात आणि प्रायमरमध्ये शिशाची संयुगं घालत. रेड लेड प्रायमर हे त्याचं ठळक उदाहरण. मारुतीला लावतात तो पारंपरिक शेंदूरही तोच पदार्थ. आपल्याकडे घरगुती आणि सजावटीच्या रंगांमध्ये शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग इतकी खाली आणणारा नियम नोव्हेंबर २०१७ मध्ये लागू झाला. म्हणजे त्याआधीच्या रंगाची खात्री देता येत नाही. डोळ्यांनी बघून तर काहीच कळत नाही.

रंग सायकलवर चिकटून असतो तोवर सहसा काही बिघडत नाही. तो कोरडा घासला की बारीक धूळ होते, भाजला की धूर होतो. दोन्ही श्वासातून आत जातात. धूळ हाताला लागते आणि मग चहाच्या बिस्किटाबरोबर पोटात जाते. मोठ्या माणसांत शिशामुळे पोटात कळा, बद्धकोष्ठता, डोकेदुखी, सांधेदुखी, चिडचिड, रक्त कमी होणं आणि रक्तदाब वाढणं असे त्रास होतात. यातला प्रत्येक त्रास इतर पन्नास कारणांनीही होतो, म्हणूनच डॉक्टर फसतात. माझंही तसंच झालं.

लहान मुलांची गोष्ट जास्त गंभीर आहे. ती जमिनीवर वावरतात, हात तोंडात घालतात आणि त्यांच्या आतड्यांतून शिसं मोठ्यांपेक्षा जास्त शोषलं जातं. शरीरात लोह कमी असेल तर आणखी. बऱ्याचदा बाहेरून काहीच दिसत नाही, पण वाढत्या मेंदूचं नुकसान होत राहतं. शिशाची कुठलीही पातळी सुरक्षित म्हणून माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

काकांच्या रक्तात शिसं चांगलंच वाढलेलं निघालं. नातीचं थोडं वाढलेलं होतं. अहवाल वाचताना काकांचा चेहरा पाहिला, तेव्हा रागवण्याची गरज उरलीच नाही.

"बंद करा" असं मी का सांगितलं नाही

काकूंची अपेक्षा तीच होती. मुलगा तर सायकल भंगारात द्यायला निघाला होता. डॉक्टरला "बंद करा" म्हणणं सगळ्यात सोपं असतं. माझं मत वेगळं आहे.

जुन्या सायकलींचा हा नाद रिकामटेकडा नाही. आपल्या वरळीत हिंद सायकल्सचा कारखाना होता. आसनसोलला सेन-रॅलेचा होता. १९८० साली संसदेने कायदा करून दोन्हींचं राष्ट्रीयीकरण केलं. आज त्या सायकली रस्त्यावर शोधूनही सापडत नाहीत. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचं संग्रहालय उभं केलं आहे. दुसऱ्या महायुद्धात पॅराशूटने उतरणाऱ्या सैनिकांसाठी बनवलेली, घडी घालता येणारी बीएसए पॅराट्रूपरसुद्धा तिथे आहे. अशा वस्तू कुणाच्या तरी नादामुळेच शिल्लक राहतात.

आणि डॉक्टर म्हणून मला दिसलं ते असं. निवृत्तीनंतर वर्षभर काका टीव्हीसमोर बसून होते. सायकल आल्यावर ते कॉटर पिन शोधायला चोर बाजारात जाऊ लागले. घाटकोपरच्या एका म्हाताऱ्या सायकल मेकॅनिकशी त्यांची दोस्ती झाली. हबमधले छर्रे मोजून बसवणं, आरे एकेक करून ताणत चाक सरळ करणं, यात बोटं, डोळे आणि डोकं तिन्ही कामाला लागतात. हे सगळं काढून घेतलं असतं, तर सहा महिन्यांनी मला त्यांना झोपेची गोळी लिहून द्यावी लागली असती. विष सायकलमध्ये नव्हतं, ती घासण्याच्या पद्धतीत होतं. मग पद्धत बदलायची.

मग काय करायचं?

१. जुन्या रंगात शिसं आहे असंच धरून चाला. मूळ रंग आणि सोनेरी रेघा बऱ्या असतील तर काढूच नका. नुसतं पुसून मेण लावा. जुन्या सायकलींच्या दर्दी लोकांना मूळ रंगच जास्त मोलाचा वाटतो.

२. काढायचाच असेल तर रंग ओला करून वॉटर पेपरने घासा. ब्लो लॅम्प, हीट गन आणि ग्राइंडर रंगाला लावू नका.

३. हे काम राहत्या घरात नको. मोकळ्या जागेत, खाली प्लास्टिक अंथरून, एन-९५ मास्क लावून करा. मुलं आणि गरोदर बायका जवळपास नकोत. रंगाचा गाळ पुसून पिशवीत बांधा, झाडांच्या कुंडीत ओतू नका.

४. नंतर झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. साबणाने हात धुतल्याशिवाय चहाला हात लावू नका. कामाचे कपडे वेगळे धुवा.

५. आधीच बरंच घासून झालं असेल आणि घरात लहान मूल असेल, तर डॉक्टरांना तसं सांगून शिशाची रक्ततपासणी करून घ्या. प्रमाण थोडं वाढलेलं असेल तर बहुतेक वेळा औषध लागत नाही. धूळ बंद करणं, घर ओल्याने पुसणं आणि लोह-कॅल्शियम पुरेसं देणं हाच मुख्य उपाय. रक्तातलं शिसं काही महिन्यांत उतरतं. हाडांत साठलेलं मात्र वर्षानुवर्षं राहतं, म्हणून उशीर नको.

नेहमी विचारले जाणारे आणखी तीन प्रश्न

"गंजलेलं लोखंड लागलं की धनुर्वात होतो ना?" गंजामुळे होत नाही. माती-धुळीतले जंतू खोल जखमेत गेले की होतो. मोठ्यांनी दर १० वर्षांनी टीडीचा डोस घ्यावा. जखम घाणेरडी असेल आणि शेवटच्या डोसला ५ वर्षांहून जास्त झाली असतील, तर लगेच घ्यावा.

"सुटे भाग रॉकेलमध्ये भिजवले तर चालतात का?" चालतात, पण रॉकेल पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नका. मूल पाणी समजून पितं. तसं झालंच तर उलटी करवू नका. उलटीतून रॉकेल फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. थेट रुग्णालय गाठा.

"तयार झालेली सायकल चालवू का?" जरूर चालवा, नाहीतर हृदयाला तिचा काय उपयोग? पण जुन्या दांडीच्या ब्रेकची रबरं ओल्या लोखंडी रिमवर नीट पकडत नाहीत. पावसात ती घरीच ठेवा. एरवी पहाटेच्या रिकाम्या गल्लीत, हेल्मेट घालून चालवा.

काकांनी पुढचं काम मेकॅनिक मित्राच्या दुकानामागच्या मोकळ्या जागेत केलं. गॅलरी दोनदा धुतली. पोटदुखी गेली. दोघांच्याही रक्तातलं शिसं उतरतं आहे आणि नातीची तपासणी आम्ही पुन्हा करणार आहोत. काकू अजून कुरकुरतात, पण आता सायकल लिफ्टमध्ये मावत नाही म्हणून.

माझ्या केसपेपरवर तेव्हापासून एक रकाना वाढला आहे: "रिकाम्या वेळात काय करता?" तुमच्या डॉक्टरांनी हे विचारलं नाही, तर तुम्ही आपणहून सांगा.