गाव ‘इनव्हॅलिड’ कसं असेल?

ऑनलाइन फॉर्म भरून झाला, सबमिट दाबलं आणि लाल अक्षरं झळकली, ‘प्लीज एंटर अ व्हॅलिड व्हॅल्यू’. अरे, पण चुकलं काय? ते कोण सांगणार! हा सगळा कारभार व्हॅलिडेशनचा. म्हणजे फॉर्मच्या दारातला वॉचमन.

जँगो, लॅरावेल अशा फ्रेमवर्कमध्ये या वॉचमनचे काही नियम रेडीमेड मिळतात. रकाना रिकामा नको, ई-मेल ई-मेलसारखा दिसायला हवा, आकडा ठरलेल्या हद्दीत हवा. पण सगळी दुनिया यात मावत नाही. मग प्रोग्रॅमर स्वतःचा, म्हणजे ‘कस्टम’ नियम लिहितो. खरी गंमत इथेच आहे.

आंबेगाव तालुक्याचंच बघा. तिथे अवसरी बुद्रुक आहे आणि अवसरी खुर्दही. सरकारी इंजिनीअरिंग कॉलेज आहे ते खुर्दला. लोक सरळ ‘अवसरी बु.’ लिहितात. ‘फक्त अक्षरं चालतील’ असा नियम असेल, तर त्या एका टिंबापायी अख्खं गाव बाद! जमिनीचा गट नंबर ‘४५/२/अ’ असाही असतो. तिथे ‘फक्त आकडे’ म्हणून कसं चालेल? जुन्नरचा शेतकरी अनुदानाच्या शेवटच्या दिवशी अर्ज भरत असेल, तर तो तिरपा दांडा त्याला चांगलाच महाग पडेल.

आता पिनकोड. तो सहा आकडी असतो आणि शून्याने सुरू होत नाही. इथवर सोपं. पण घोडेगाव ४१२४०८ आणि मंचर ४१०५०३, दोन्ही आंबेगाव तालुक्यातलीच. ‘आंबेगाव म्हणजे ४१२’ असा नियम कुणी ठोकला, तर मंचरकर बाहेर. त्यात कात्रजजवळही आंबेगाव बुद्रुक आहे, पिन ४११०४६. आणि ज्या गावावरून तालुक्याला नाव पडलं, ते मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याचा कारभार चालतो घोडेगावातून. नुसतं ‘आंबेगाव’ लिहिलं, तर कॉम्प्युटरने कुठलं समजायचं?

यावर उपाय आहे. जँगोमध्ये एका रकान्यापुरता नियम हवा असेल, तर छोटं व्हॅलिडेटर फंक्शन लिहायचं. गाव, तालुका आणि पिन एकमेकांशी ताडून बघायचे असतील, तर ते फॉर्मच्या ‘क्लीन’ मेथडमध्ये. गावांची यादी डेटाबेसमधून घ्यायची आणि ‘बु.’, ‘बुद्रुक’ दोन्ही एकच धरायचे. शंका आली तर दार आपटायचं नाही, ‘तालुक्यातलं की कात्रजचं?’ असं विचारायचं. आणि हो, ही तपासणी सर्व्हरवर हवीच. ब्राउझरमधली तपासणी फक्त सोयीसाठी, ती चुकवणं अगदी सोपं असतं.

फॉर्मचा आराखडा एसीत बसून ठरतो. तो भरणारा असतो घोडेगावच्या सायबर कॅफेत, रांगेत उभा. तेव्हा आयटीवाल्या दोस्तांनो, नियम लिहिण्याआधी दहा खरे पत्ते आणि दहा खरे सातबारे समोर ठेवा. त्यातला एक जरी अडकला, तर बदलायचा तो नियम. आणि मेसेज लिहिताना ‘इनव्हॅलिड’ला सुट्टी द्या. ‘गट नंबर असा लिहा : ४५/२/अ’ एवढं लिहिलंत, तरी एखाद्याची एसटीची एक फेरी वाचेल.