थेंबाचा दहावा हिस्सा

(द्वितीय वर्ष, कला)

मांजराला इन्शुलिन म्हटले की ऐकणाऱ्याला हसू येते. ‘इथे माणसांना औषध मिळत नाही आणि यांचे मांजरांचे लाड!’ हा शेरा मग ठरलेलाच. शेरा वरवर गरिबांच्या बाजूचा वाटतो. माझी आई चार घरी स्वयंपाक करते. त्यांतल्या एका घरच्या आजींचे हात थरथरतात, म्हणून त्यांच्या मनीला सकाळी सात आणि संध्याकाळी सात वाजता सुई टोचण्याचे काम आईकडे आले आहे. तेव्हा गरिबांच्या बाजूने दोन शब्द बोलण्याचा अधिकार मलाही आहे, असे मी समजते.

पहिली गोष्ट उपकाराची. टोरांटो येथे 1921 साली बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलिन मिळवले ते कुत्र्यांवर प्रयोग करून. जानेवारी 1922 मध्ये ते प्रथम एका आजारी मुलाला टोचले गेले. पुढे 1982 साली जिवाणूंकडून तयार करवलेले मानवी इन्शुलिन बाजारात येईपर्यंत जगभरचे मधुमेही गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या औषधावर जगत होते. मुक्या जनावरांकडून एवढे घेतल्यावर त्यातले दोन युनिट एका मांजरीला परत दिले, तर त्यात हसण्यासारखे काय आहे?

पण माझा मुद्दा दयेचा नाही, मापाचा आहे. मांजराला साधारणपणे दर बारा तासांनी एका युनिटाने सुरुवात करतात आणि पुढे फेरफार करायचा तो अर्ध्या किंवा एका युनिटाचा. मनीच्या औषधाच्या एका मिलिलिटरमध्ये 100 युनिट असतात. म्हणजे अर्धे युनिट हा थेंबाचा जेमतेम दहावा हिस्सा! जास्त झाले तर साखर उतरते, जनावर लटपटते, झटके येतात, प्रसंगी दगावते. अशा वेळी हिरड्यांना मध किंवा साखरेचे पाणी चोळून तडक दवाखाना गाठावा लागतो. मांजराने अन्नाला तोंड लावले नसेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेहमीचा डोस टोचायचा नाही, हेही आई शिकली आहे.

एकदा दुकानदाराने लाल टोपीच्या सिरिंजा दिल्या. आईला इंग्रजी वाचता येत नाही, पण मनीच्या सिरिंजची टोपी नारिंगी असते हे तिला ठाऊक होते. ‘दोन्ही इन्शुलिनच्याच,’ असे उत्तर मिळाले, तरी तिने त्या परत केल्या. लाल टोपीची सिरिंज मिलिलिटरला 40 युनिट असलेल्या औषधासाठी असते. तिच्यात मनीचे औषध दोनच्या रेघेपर्यंत भरले असते, तर दोनाऐवजी पाच युनिट गेले असते. ही अडीच पटींची चूक टळली ती बाईच्या नजरेमुळे. कागदावर त्याबद्दल एक अक्षर मराठीत नव्हते.

आता प्रश्न असा, की घरी डोस बदलावा की नाही? काही जण म्हणतात, घरच्यांनी त्यात पडूच नये. मला हे पटत नाही. दवाखान्यात मांजर घाबरते आणि नुसत्या भीतीनेही त्याची साखर चढते. घरी निवांतपणी कानाच्या कडेचा थेंब घेऊन दर दोन तासांनी दिवसभर मोजलेली साखर अधिक खरी असते. ते मोजमाप घरातच होऊ शकते.

उलट टोकाला काही जण एक आकडा चढलेला दिसला की लगेच औषध वाढवतात. हे तर अधिक वाईट. नव्या डोसचा परिणाम स्थिरावायला पाच-सात दिवस लागतात. दोन सुयांच्या मधला सर्वांत खालचा आकडा कळल्याशिवाय वाढवणे म्हणजे आंधळ्याची काठी फिरवणे होय. काही मांजरांचा मधुमेह तर वेळेवर उपचार आणि योग्य आहार मिळाला की मागे हटतो. मग कालचे औषधच आजचे विष ठरते.

म्हणून माझे मत असे : मोजावे घराने, नियम ठरवावा डॉक्टरांनी, आणि तो आधी ठरवून कागदावर लिहून द्यावा. आकडा किती उतरला तर डोस कमी करायचा, किती दिवस थांबायचे, कोणत्या खुणा दिसल्या की धाव घ्यायची, हे त्यात स्पष्ट हवे. आणि हा कागद सुई ज्याच्या हातात आहे त्याच्या भाषेत हवा.

माझ्या आजोबांनाही इन्शुलिन आहे. त्यांना मिळालेल्या चिठ्ठीवर औषधाचे नाव आणि एक आकडा, यापलीकडे काही नव्हते. सिरिंजच्या टोप्यांचा फरक त्यांना आईने सांगितला आणि तो तिला मनीमुळे कळला होता. म्हणजे मांजरीवर खर्चलेले ज्ञान माणसाच्याच घरी आले! गरिबांना औषधाइतकीच समजावून सांगणाऱ्याचीही वाण असते. मांजरीचे औषध बंद केल्याने ती भरून निघणार नाही.

आपल्या महाविद्यालयात मराठी विभाग आहे, राष्ट्रीय सेवा योजना आहे. डॉक्टरांकडून तपासून घेऊन अशी एक पानभर मराठी चिठ्ठी आपण तयार केली आणि गावातल्या औषधांच्या दुकानांत ठेवली, तर किती खर्च येईल? छपाईपुरती वर्गणी आणि दोन रविवार. त्यातला एक रविवार माझा धरावा.